गावभर मक्याचं एकच वाण, धोका आहे का? (चांदवड, येवला, निफाड, मालेगाव पट्ट्यातल्यांनी जरूर लिहा)

चांदवडचा_कोरडवाहू

राम राम मंडळी. विषय थोडा मोठा आहे, सांभाळून घ्या. यंदा आमच्या शिवारात ओढ्यापासून डोंगरापर्यंत मकाच मका आहे, सोयाबीन कमी झालं आणि बाजरी तर नावाला राहिली. कारण सगळ्यांना माहितीये, इथेनॉलवाल्यांची मागणी, पोल्ट्रीवाल्यांची मागणी, आणि मका काढला की त्याच रानात उन्हाळ कांदा बसतो. मला खटकतंय ते वेगळंच. गावात जवळजवळ प्रत्येकाने एकच हायब्रीड लावलंय. मागच्या साली एकाला उतारा चांगला पडला, मग दुकानदाराने तेच जास्त मागवलं, झालं, गावभर तेच. सारखी उंची, एकाच आठवड्यात तुरा, कणसं पण एकाच पेऱ्यावर. बघायला लई भारी वाटतं हे खरंय.

पण पुतण्या ॲग्रीला आहे, तो म्हणतो काका मका म्हणजे जगातल्या सगळ्यात जास्त जनुकीय विविधता असलेल्या पिकांपैकी एक. मी म्हटलं मग ती विविधता गेली कुठे, आमच्याकडे तर एक झाड बघितलं की सगळं शिवार बघितलं. एखादा रोग आला आणि या एका वाणाला लागला तर आख्खं गाव बसेल ना? की मी उगाच काळजी करतोय? आणि ती जी विविधता म्हणतात तिचा शेतकऱ्याला नेमका उपयोग काय, नुसती कुठेतरी बरणीत ठेवायची वस्तू आहे का ती? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

लासलगाव_रोड

आमच्याकडे पण हीच गत आहे दादा. वाचतोय.

पैदासवाली_ताई

दादा, पुतण्याचं बरोबर आहे आणि तुमचंही बरोबर आहे. मी पीक पैदास शिकले आणि आता त्याच क्षेत्रात काम करते, नाशिकचीच आहे, तर जरा लांबलचक लिहिते.

मक्याच्या कुठल्याही दोन शुद्ध ओळी, ज्याला आम्ही इनब्रेड म्हणतो, त्यांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवला तर त्यांच्यात जेवढा फरक निघतो तो माणूस आणि चिंपांझी यांच्यातल्या फरकाच्या तोडीचा असतो. दोन माणसांत साधारण हजार अक्षरांमागे एक फरक सापडतो, मक्यात शंभराच्या आसपास अक्षरांमागे एक. आणि फरक नुसता अक्षरांचा नाही. २००९ मध्ये बी ७३ नावाच्या अमेरिकन ओळीचा जनुकसंच, म्हणजे तिचा सगळा डीएनए, वाचून झाला, सुमारे २३० कोटी अक्षरं, आणि त्यातला जवळपास ८५ टक्के भाग ट्रान्सपोझॉनचा निघाला, म्हणजे डीएनएचे जागा बदलणारे तुकडे. हे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांवरून ओळखले होते, कित्येक वर्षं लोकांनी मनावर घेतलं नाही, मग १९८३ मध्ये नोबेल मिळालं. पुढे २०२१ मध्ये २६ ओळींचे जनुकसंच एकत्र मांडले तेव्हा सगळ्यांची मिळून १ लाखाच्या वर जनुकं भरली, आणि एका ओळीत असतात साधारण ४० हजार. म्हणजे एका मक्यात जे जनुक आहे ते दुसऱ्यात नुसतं वेगळं नाही, मुळात नसतंच, असंही होतं.

आता तुमच्या शिवाराचं. बाजारातली बहुतेक हायब्रीडं सिंगल क्रॉस असतात, म्हणजे एक शुद्ध ओळ आई आणि दुसरी शुद्ध ओळ बाप. त्या दोघांपासून तयार झालेल्या बॅगेतला प्रत्येक दाणा जनुकांच्या हिशोबाने सारखाच. म्हणून तुरा एकाच वेळी येतो, म्हणून कणसं एका उंचीला. उतारा मिळतो तो संकरजोमामुळे, म्हणजे दोन वेगळ्या ओळी मिसळल्या की पोरात जो जोर येतो त्यामुळे, पण मक्याकडे असलेल्या अफाट विविधतेपैकी तुमच्या आख्ख्या गावात फक्त दोन ओळींचा ऐवज उतरलाय. धोका आहे का विचारलंत, तर हो आहे, आणि तो एकदा मोठ्या प्रमाणावर घडून गेलाय. रात्री लिहिते, आत्ता बाहेर आहे.

बागलाणकर

ताई लिहाच. आमच्याकडे सटाण्याला पण मका वाढत चाललाय.

पैदासवाली_ताई

तर अमेरिका, १९७०.

हायब्रीड बी तयार करताना आईच्या ओळींचे तुरे काढावे लागतात, नाहीतर ती स्वतःच्याच परागाने फळते. हजारो एकरांवर तुरे उपटायला मजूर लागतात, खर्च लागतो. मग टेक्सासमध्ये एक असा मका हाती लागला की ज्याच्या तुऱ्यात जिवंत पराग तयारच होत नाही. हा गुण मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातून येतो आणि तो फक्त आईकडून मुलांत उतरतो. बियाणं तयार करणाऱ्यांचं काम एकदम सोपं झालं आणि बघता बघता अमेरिकेतल्या साधारण ८५ टक्के मक्यात ही एकच टेक्सास पेशी आली. वरून वाणं वेगवेगळी, नावं वेगवेगळी, बॅगा वेगवेगळ्या, पण आतून सगळ्यांच्या आईकडचा धागा एक.

मग पानावरच्या करप्याच्या बुरशीचा एक नवीन प्रकार पसरला, त्याला रेस टी म्हणतात. ही बुरशी जे विष तयार करते ते नेमकं त्या टेक्सास मायटोकॉन्ड्रियावरच काम करायचं. ज्या प्रथिनामुळे पराग मरत होता त्याच प्रथिनामुळे झाड या विषाला बळी पडत होतं. दक्षिणेकडून सुरुवात झाली, दमट हवा होती, एका हंगामात करपा उत्तरेच्या मका पट्ट्यापर्यंत पोचला. देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं, काही ठिकाणी तर शेतंच्या शेतं हातची गेली.

यातून निभावले कसे, तर ती पेशी सोडून परत साध्या पेशीवर आले, परत तुरे काढायला माणसं लावली. हे जमलं कारण साध्या पेशीचं बी शिल्लक होतं. दादा तुम्ही विचारलंत ना की विविधता बरणीत ठेवायची वस्तू आहे का, तर त्या वर्षी जे शिल्लक ठेवलेलं होतं त्यानेच तारलं.

निफाडचा_द्राक्षवाला

माहिती चांगली आहे ताई, पण मला वाटतं आपण शेतकऱ्याला उगाच घाबरवतोय. ते ५० वर्षांपूर्वीचं झालं, आता औषधं आहेत. आणि हे विविधता विविधता म्हणून शेवटी सगळे गावरान बियाण्यावर येतात. माझ्या आजोबांच्या वेळचा गावरान मका मला आठवतो, हाताएवढं लहान कणीस, झाड आडवं पडायचं, एकरी पोटापुरतं निघालं तर निघालं. आज पाणी असलं की ३० क्विंटलच्या आसपास काढणारे लोक आहेत. २०२४-२५ ला हमीभाव क्विंटलला २२२५ रुपये होता, त्या हिशोबाने गावरानमध्ये मजुरी तरी सुटेल का? ज्याचं पोट शेतीवर आहे त्याने हायब्रीडच लावावं असं माझं स्पष्ट मत आहे.

येवल्याची_सून

काका उताऱ्याचं तुमचं पटलं. पण २०२३ आठवा की. ऑगस्ट आख्खा कोरडा गेला, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि आमच्या गावात सगळ्यांचा मका नेमका त्याच दिवसांत तुऱ्यावर. कणसं आली पण आत दाणेच नाहीत, अर्ध्या बिट्या रिकाम्या, शेवटी कितीतरी लोकांनी मुरघासाला देऊन टाकला. पुढे ऑक्टोबरमध्ये येवला, सिन्नर, मालेगाव दुष्काळी जाहीर झाले. यात ना रोग होता ना कीड. सगळ्यांचं एकच वाण, सगळ्यांची पेरणी त्याच आठवड्यात, म्हणून सगळ्यांचं एकदमच गेलं. ज्या एक-दोन घरांनी लवकरचं वाण लावलं होतं त्यांना थोडं तरी सापडलं.

चांदवडचा_कोरडवाहू

अगदी हेच ताई. आणि हे कांद्यामुळे पण होतं असं माझं निरीक्षण आहे. सगळ्यांना रान ठराविक वेळेला मोकळं हवं असतं म्हणून सगळे त्याच मुदतीचं वाण मागतात, दुकानदार तेच ठेवतो. म्हणजे आपला कांदा आपला मका ठरवतोय.

पैदासवाली_ताई

येवल्याच्या ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय, कारण त्या रिकाम्या बिट्यांच्या मागे जी गोष्ट आहे तिच्यावर जगात खूप काम झालंय आणि ते सगळं विविधतेच्याच जोरावर.

मक्यात नराचं फूल वर तुऱ्यात आणि मादीचं खाली कणसात. प्रत्येक दाण्यासाठी एक केसर बाहेर येतो आणि त्याच्यावर पराग पडावा लागतो. पाण्याचा ताण पडला की तुरा ठरल्या वेळी पराग टाकून मोकळा होतो पण केसर बाहेर यायला उशीर करतात. केसर येईपर्यंत पराग संपलेला. म्हणून कणीस रिकामं. मेक्सिकोत सिमिट म्हणून आंतरराष्ट्रीय मका आणि गहू संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांनी १९७० च्या दशकापासून मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याच्या तुक्स्पेन्यो नावाच्या मक्यावर मुद्दाम ताण देऊन निवड केली. ज्या झाडात ताणातही तुरा आणि केसर यांच्यातलं अंतर कमी राहतं तीच झाडं पुढे घ्यायची, परत ताण, परत निवड. त्यातून तुक्स्पेन्यो सेकिया तयार झाला, सेकिया म्हणजे स्पॅनिशमध्ये दुष्काळ. आफ्रिकेत आज जी ताण सहन करणारी हायब्रीडं आहेत त्यांच्या पूर्वजांत असल्या मक्यांचा वाटा आहे.

निफाडच्या दादांना म्हणूनच सांगावंसं वाटतं, गावरान मका जसाच्या तसा एकरभर लावा असं कुणी पैदासकार म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तुम्ही लावता त्या हायब्रीडचे आईबापसुद्धा कधीतरी कुणाच्या तरी गावरान मक्यातूनच शुद्ध करून काढलेत. अमेरिकेतली हायब्रीडं वर्षानुवर्षं प्रामुख्याने दोन-चार घराण्यांच्या संकरावर उभी आहेत. दुष्काळ, नवीन कीड, वाढतं तापमान, यांचं उत्तर त्या दोन-चार घराण्यांत नसेल तर ते बाहेरूनच आणावं लागतं. त्यासाठीच सिमिटच्या जनुककोशात, म्हणजे बियाण्यांच्या बँकेत, २८ हजारांवर मक्याचे नमुने जपून ठेवलेत.

औषधाचं म्हणाल तर हो, औषध आहे. पण प्रत्येक फवारणी हा खर्च आहे आणि वाणातला गुण बियाण्यासोबतच येतो.

मळेकरी_मालेगाव

लष्करी अळीचं बोला ना कुणीतरी. विविधता बिविधता ठीक आहे पण ही अळी सगळ्याच वाणांवर येते, पोंग्यात घुसून बसते, फवारणी करून करून माणूस हैराण. याला तोंड देणारं वाण आहे का जगात कुठे?

पैदासवाली_ताई

दादा ही अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली, २०१८ च्या मे मध्ये आपल्याकडे कर्नाटकात, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. आपली वाणं तिच्यासोबत कधी वाढलीच नव्हती म्हणून सगळी उघडी पडली. पण जिथे ती हजारो वर्षं होती तिथल्या मक्यांनी थोडाफार मार्ग काढलाय. कॅरिबियनमध्ये अँटिग्वा नावाचं बेट आहे, तिथल्या मूळच्या मक्यातून अमेरिकेत मिसिसिपीच्या संशोधकांनी ओळी काढल्या. त्यातल्या एका ओळीत अळीने पान कुरतडलं की पोंग्यात एक प्रथिन साठायला लागतं, ते अळीच्या आतड्याचं अस्तर खराब करतं. अळी मरते असं नाही, पण खुरटते, हळू वाढते. सिमिटने आफ्रिकेत अळीला काही प्रमाणात सहन करणारी हायब्रीडंही दिलीत.

पूर्ण रोखणारा असा एक गुण नाही. छोटे छोटे बरेच गुण एकत्र करावे लागतात आणि म्हणून वेळ लागतो. तोवर लवकर पेरणी, कामगंध सापळे, पोंग्यावर वेळेत लक्ष हेच आहे. फवारणीचं वेगळ्या धाग्यात बोलूया नाहीतर हा धागा तिकडेच जाईल.

पंचवटी_पोट्टा

एक शंका, मका मुळात आला कुठून? शाळेत मेक्सिको म्हणून वाचलं होतं पण जंगलात असं कणीस कसं काय उगवायचं?

पैदासवाली_ताई

उगवत नव्हतंच! माझा सगळ्यात आवडता भाग आहे हा.

मक्याचा पूर्वज म्हणजे टिओसिंटे नावाचं गवत. आपल्याकडे चाऱ्यासाठी मकचरी लावतात ना, तो टिओसिंटेच. त्याला खूप फुटवे, आणि कणीस म्हणजे बोटाएवढं, त्यात ५ ते १२ दाणे, एकेक दाणा दगडासारख्या कवचात बंद. हे आणि मका एकच यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. जॉर्ज बीडल यांनी १९७० च्या दशकात मका आणि टिओसिंटेचा संकर करून दुसऱ्या पिढीत ५० हजारांच्या आसपास झाडं वाढवली. त्यात साधारण ५०० मागे एक झाड अगदी मक्यासारखं आणि तेवढंच टिओसिंटेसारखं निघालं. यावरून त्यांनी हिशोब मांडला की दोघांतला मोठा फरक चार-पाच मुख्य जनुकांचा असावा. पुढे जॉन डोबले यांनी ती जनुकं शोधली. टीबी १ नावाचं जनुक आहे, त्याच्या जवळ एक ट्रान्सपोझॉन येऊन बसला आणि फुटवे कमी होऊन एक सरळ ताट उभं राहिलं. टीजीए १ मध्ये एक छोटा बदल झाला आणि दाणा कवचातून बाहेर उघडा आला.

हे घडलं नैऋत्य मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात, साधारण ९ हजार वर्षांपूर्वी. तिथल्या एका गुहेत ८७०० वर्षं जुन्या दगडी पाट्यांवर मक्याचे अंश सापडलेत. कुणी शास्त्रज्ञ नव्हते, शेतकरी होते ते, दरवर्षी बरं कणीस बाजूला ठेवणारे. पुढे मका डोंगरावर चढला तेव्हा तिथल्या दुसऱ्या एका रानटी टिओसिंटेशी त्याचा संकर झाला, आणि २०२३ च्या अभ्यासात दिसलं की आजच्या मक्याच्या जनुकसंचाचा जवळपास पाचवा हिस्सा त्या डोंगरी नातेवाईकाचा आहे. रानटी गवत म्हणून सोडून देतो आपण त्याला, पण ते पिकात मिसळलेलं आहे.

१९७० च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोतच हलिस्को राज्यात अजून एक टिओसिंटे सापडला, तो दरवर्षी पेरावा लागत नाही, बहुवर्षायू आहे आणि काही विषाणू रोगांना दाद देत नाही. अगदी थोड्या जागेत उरला होता. १९८७ मध्ये तो डोंगर राखीव केला.

पंचवटी_पोट्टा

बाप रे. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सुरगाण्याची_लेक

मी बरेच दिवस या ग्रुपवर आहे पण पहिल्यांदा लिहितेय. आमच्या घरी सुरगाण्याकडे आई अजून घरचा मका लावते, नागली वरईच्या रानाला लागून आणि थोडा परसात. पांढरा दाणा, मधेच जांभळे दाणे, ताट उंच, कणीस लहान पण एकेका ताटाला दोन-तीन. त्याची भाकर गोड लागते आणि भाजून तर हायब्रीडच्या कणसाला ती चव नाहीच. बी ती चुलीवरच्या धुरात टांगून ठेवते, कधी कीड लागली नाही. आता भाऊ म्हणतो पुढच्या वर्षीपासून बॅग आणू. आई नको म्हणते पण तिचं वय झालंय. हे वाचल्यापासून मला वाटतंय की आमच्या मक्यात पण काहीतरी असेल. की असं प्रत्येक घरच्या मक्यात असतंच? मी काय करावं?

निफाडचा_द्राक्षवाला

ताई ते बी जाऊ देऊ नका. मी वर लिहिलं ते एकराच्या हिशोबाचं होतं, तुमच्या आईने जपलंय ते वेगळं आहे. थोडं तरी लावत राहा.

पैदासवाली_ताई

सुरगाण्याच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या मक्यात नेमकं काय आहे हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, पण असल्याच घरच्या मक्यांतून काय काय निघालंय ते सांगते.

सिक्कीममध्ये सिक्कीम प्रिमिटिव्ह म्हणून जुना मका आहे, त्याच्या एका ताटाला ५ ते ९ कणसं लागतात. लहान असतात, पण जास्त कणसं देण्याचा गुण पैदासकारांना हवाच असतो. मेक्सिकोत ओआहाका राज्यात डोंगरातल्या मिहे लोकांकडे एक मका आहे, झाड ५ मीटरपर्यंत वाढतं, जमिनीच्या वर खोडाला मुळं फुटतात आणि त्यातून घट्ट चिकट डिंकासारखा पदार्थ गळतो. त्यात राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मक्याला त्याच्या गरजेचा २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून मिळतो असं मोजलं गेलं. मक्याला नत्र हवेतून! आपण युरियाच्या गोण्यांसाठी रांगेत उभं राहतो त्या मक्याला. तो तयार व्हायला ८ महिने घेतो म्हणून आपल्या कांद्याच्या गणितात बसणार नाही, पण तो गुण दुसऱ्या मक्यात आणायचे प्रयत्न चालू आहेत.

आणि खाण्याचं म्हणाल तर ओपेक २. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारे घटक कमी असतात, म्हणून नुसत्या मक्यावर वाढलेली मुलं कुपोषित राहतात. १९६४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ओपेक २ या जनुकाच्या बदललेल्या रूपामुळे ते वाढतात. पण दाणा मऊ, खडूसारखा, पोरकिडे लगेच लागायचे, उतारा कमी. बहुतेकांनी सोडून दिलं. सिमिटमध्ये भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वसल आणि मेक्सिकोच्या इव्हांगेलिना व्हिएगास चिकाटीने करत राहिले, वेगवेगळ्या मक्यांतून दाणा कडक करणारी छोटी छोटी जनुकं गोळा केली, आणि तोच पौष्टिक मका कडक दाण्याचा करून दाखवला. २००० मध्ये दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे अल्मोड्याच्या संस्थेने विवेक क्यूपीएम ९ हे असंच पौष्टिक प्रथिनाचं हायब्रीड २००८ मध्ये आणलं, आणि पुढे दिल्लीच्या पुसा संस्थेने त्यातच अ जीवनसत्त्व वाढवणारा गुण घातला. कुपोषणाचं बोलणं आपल्या सुरगाणा, पेठ भागात नेहमी होतं म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तुमच्या आईसाठी काम असं. मक्यात परपरागीभवन ९५ टक्क्यांच्या आसपास असतं. शेजारी भावाने बॅगेतला मका लावला की त्याचा पराग वाऱ्याने आईच्या कणसांवर येणार आणि दोन-चार वर्षांत घरचं वाण घरचं राहणार नाही. सरळ वाणाच्या, म्हणजे हायब्रीड नसलेल्या वाणाच्या, प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर अंतर ठेवतात. तेवढी जागा नसेल तर पेरणी तीन-चार आठवडे मागेपुढे करा म्हणजे तुरे एकाच वेळी येणार नाहीत. बी धरताना एकाच सुंदर कणसाचं धरू नका, हे फार जण करतात. मका आपल्याच जवळच्या नात्यात फळला की दरवर्षी खुरटत जातो. रानाच्या मधल्या भागातली निदान १०० निरोगी झाडं निवडा, प्रत्येकाच्या कणसातले थोडे थोडे दाणे घेऊन एकत्र करा. आणि जांभळे दाणे काढून टाकू नका.

लासलगाव_रोड

ताई मग हायब्रीडच्याच कणसांचं बी धरलं तर? बॅगेचे पैसे वाचतील. आमच्याकडे एक-दोघं करतात.

पैदासवाली_ताई

नका करू. दुसऱ्या पिढीत आईबापाचे गुण फुटून वेगवेगळे होतात, उंची खालीवर, तुरा मागेपुढे, उतारा बराच पडतो. घरचं बी धरायचं असेल तर सरळ वाण किंवा संमिश्र वाण (बऱ्याच ओळी मिसळून केलेलं) घ्या, ते तीन-चार वर्षं आरामात चालतं. चाऱ्याला आफ्रिकन टॉल आपल्याकडे सगळे लावतातच, ते संमिश्रच आहे.

बागलाणकर

मग हायब्रीडमध्येच राहून काय करता येईल ते सांगा. वेगवेगळ्या दोन कंपन्यांच्या बॅगा घेतल्या म्हणजे झालं का?

पैदासवाली_ताई

अर्धं झालं. १९७० चं आठवा, नावं वेगळी असून आतलं एक होतं. दोन बॅगांचे आईबाप जवळचे असू शकतात आणि ते बॅगेवर छापलेलं नसतं. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, दिसणारे फरक बघा. तुऱ्यावर यायचे दिवस वेगळे आहेत का, दाणा कडक नारिंगी आहे की मऊ दातरी, पान उभं आहे की पसरट, करप्याला कोण कसं टिकलं. मुदत वेगळी असेल तर येवल्यासारखा कोरडा ऑगस्ट सगळ्या रानावर एकदम येत नाही, हा सगळ्यात रोकडा फायदा. आणि एकट्याने दोन वाणं लावण्यापेक्षा गावाने मिळून चार-पाच वाणं ठरवून लावली तर जास्त उपयोग, कारण रोग बांध बघून थांबत नाही. आपल्या मका संशोधनाचं केंद्र कोल्हापूरला आहे, तिथून विद्यापीठाची पण वाणं आलीत, त्यातलं एखादं अर्ध्या एकरावर लावून बघायला काय हरकत आहे.

नवीन वाण यायला इतका वेळ का लागतो असं कुणीतरी मला मेसेजमध्ये विचारलं. पूर्वी शुद्ध ओळ काढायला सहा-सात पिढ्या स्वपरागीभवन करावं लागायचं. आता डबल हॅप्लॉइड पद्धतीने, म्हणजे एकाच पालकाकडचा जनुकांचा अर्धा संच दुप्पट करून, दोन हंगामांत ओळ शुद्ध होते. कर्नाटकात कुणिगलला सिमिट आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचं असं केंद्र २०२१ मध्ये सुरू झालंय. म्हणजे एखाद्या घरच्या मक्यातला गुण हायब्रीडपर्यंत आणायचं काम आता पूर्वीपेक्षा लवकर होऊ शकतं, पण तो मका तोवर कुणाच्या तरी रानात किंवा कोशात जिवंत असायला हवा.

चांदवडचा_कोरडवाहू

ताई मनापासून आभार. मी पुढच्या खरिपाचं ठरवलं, दोन एकरांत मध्यम मुदतीचं, एक एकर लवकरचं आणि अर्धा एकर विद्यापीठाचं. आणि पेरणीच्या आधी आमच्या गटाच्या मीटिंगला हा धागा वाचून दाखवणार आहे, दुकानदारालाही बोलावतो, कारण त्याने चार वाणं ठेवली तरच लोक चार लावतील. पेरणी पण सगळ्यांनी एकाच दिवशी उरकायची घाई करायला नको असं बोलून बघतो, पाऊस ऐकतो की नाही ते त्याच्या हातात. सुरगाण्याच्या ताई, तुमच्या आईचं बी कुठे जमा करता येतं का तेही कुणी सांगा, एका घरात ठेवलेलं बी एका वर्षाच्या चुकीने जातं.

सुरगाण्याची_लेक

हो, तेच विचारणार होते. आईशी फोनवर बोलले, ती म्हणाली बी देईन पण सगळं नाही देणार. आणि दिलं तर ते आमच्या नावावर राहील का, की दुसरंच कुणी आपलं म्हणून विकेल?

पैदासवाली_ताई

आईंचं अगदी बरोबर आहे, सगळं देऊच नका, घरचं घरी राहिलं पाहिजे. जमा करायचं तर राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरो, म्हणजे एनबीपीजीआर, यांचं प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे, आणि मुख्य जनुककोश दिल्लीला. गावाचं नाव, कोण पिकवतं, कधी पेरतात, काय करून खातात, हे सगळं आईकडून विचारून बियाण्यासोबत लिहून द्या, ती माहिती बियाण्याइतकीच कामाची असते.

नावाचं म्हणाल तर २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. घरचं बी ठेवणं, पेरणं, अदलाबदल करणं, ब्रँड न लावता विकणं हा हक्कही त्यातच आहे. नोंदणीचा अर्ज भरायला कृषी विज्ञान केंद्रातले लोक मदत करतात, नाशिकला मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे आईंना घेऊनच जा. अर्जावर त्यांचंच नाव घाला.

आणि यंदाची कणसं सोलायच्या आधी मला मेसेज करा, मी सुट्टीच्या दिवशी येऊन निवडायला मदत करेन. दाणे सावलीत चांगले वाळवून मग बंद डब्यात भरा, ओलसर भरले तर उगवण जाईल. थोडं बी धुरावर जसं आहे तसं राहू द्या.